लक्ष्मीपुढचा तुकडा

एडिसन, न्यू जर्सी
२४ नोव्हेंबर १९८५

प्रिय कांचन,

तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं. तुझ्या शैलेंद्रला आमची मालिनी आवडली हे वाचून वय विसरून मी स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली! शाळेपासूनच्या आपण दोघी विहिणी होणार, म्हणजे काय गं! लग्नानंतर मालिनीनं नाण्यांचं खूळ सोडून चारचौघींसारखी नोकरी धरावी, ही तुझी अट तेव्हा मला खटकलीसुद्धा नाही. मलाही ते खूळच वाटायचं. होकार कळव, होकार कळव म्हणून ह्यांनी तर टुमणंच लावलं होतं. पण मध्येच एक भानगड झाली, आणि ती केली मीच.

मालिनी न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात कॅरिबियन बेटांच्या जुन्या नाण्यांचा अभ्यास करते. त्या बेटांवर म्हणे सुट्या नाण्यांची कायम चणचण. मग काय करायचे, तर स्पेनचा चांदीचा डॉलर घ्यायचा, छिन्नीनं भाकरीच्या चतकोरासारखे त्याचे तुकडे करायचे आणि त्यांवर आपल्या बेटाचा ठसा ठोकायचा. म्हणजे तो तुकडा दुसरीकडे चालायचा नाही आणि व्यापारी चांदी बाहेर नेणार नाहीत. असा एक तुकडा तिनं पगारातून घेतला होता. काळाकुट्ट! लक्ष्मीपूजनाला चौरंगावर घरातली चांदी मांडताना मी तोही उचलला. आता काळी चांदी देवीपुढे कशी ठेवायची, सांग! टूथपेस्ट लावून असा घासला, की लख्ख. मालिनीनं घरी येऊन तो बघितला आणि मटकन खालीच बसली. घासलेल्या नाण्याला जाणकार हातही लावत नाहीत म्हणे. आणि तिला तोच तुकडा नाणेसंग्राहकांच्या सभेत दाखवायचा होता.

आजारी आहे सांग, कॅन्सल कर, असं मी हजारदा विनवलं. ऐकेल तर शपथ! शेवटी मीच तिला ड्राइव्ह करून नेलं. सगळे पांढऱ्या केसांचे अमेरिकन, आणि साडीतली मी मागच्या खुर्चीत अंग चोरून बसलेली. मालिनीनं उभं राहून सरळ सांगितलं, की आमच्याकडे पूजेआधी चांदी उजळतात, माझ्या आईनं ती मनोभावे उजळली, त्यामुळे ओरखडे आलेत आणि किंमत उतरली आहे. काही जण हसले. एक म्हातारा तर म्हणाला, हा कालच केलेला नकली तुकडा दिसतोय. बाई गं, हे सगळं माझ्या टूथपेस्टमुळे! मालिनीनं शांतपणे तो त्याच्याच हातात दिला. कापलेली कड चाचपून बघा म्हणाली, कालची असती तर बोचली असती, ही कित्येक हातांतून फिरून गुळगुळीत झालीय. ठशाच्या मागची बाजू बघा, घावानं चेपलीय आणि ती चेपही तेवढीच झिजलीय. आईनं काळेपणा घालवला, झीज कशी घालवेल? म्हाताऱ्यानं भिंगातून दोनदा बघितलं, सगळ्यांदेखत तिची माफी मागितली आणि स्वतःच टाळ्या सुरू केल्या. कांचन, माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू! शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरून मी सांगत सुटले, ही माझी मुलगी, माझी!

तर आता तुझ्या पत्राचं उत्तर. तुझी अट मी मालिनीला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. लेकीला विचारावी अशी ती गोष्टच नाही. ह्यांना तसं बजावलं, तेव्हा दोन दिवस घुश्शात होते, आज निवळलेत. शैलेंद्र गुणी मुलगा आहे, मला मनापासून आवडतो. ती अट गाळून तू दुसरं पत्र पाठव, ते मी आनंदानं तिच्या हातात देईन. गाळायची नसेल तर माझा नकार समज. मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण नकारच.

कायम तुझीच मैत्रीण,
उत्तरा