शेंडा मीच खुडलाय

बाबा,

आईच्या जिरेनियमचा शेंडा मीच खुडलाय, मांजरावर आळ घेऊ नका. आई गेल्यापासून तुम्ही त्याला कुणाला हात लावू दिला नाही आणि ते नुसतं ताडमाड वाढलं. वरचा शेंडा असेपर्यंत खालचे डोळे झोपूनच राहतात. तो खुडला, की पानांच्या बेचक्यांतून फांद्या फुटतात. आपल्याला वाटायचं, ते जातीचंच गुबगुबीत आहे. आई येता-जाता नखाने शेंडे खुडायची, म्हणून ते तसं होतं.

खुडलेला शेंडा तुमच्या दाढीच्या मगात लावलाय. तो मग आता परत मिळणार नाही.

मी रविवारी येते. तोवर नखं कुरतडू नका, पुढचे शेंडे तुम्हालाच खुडायचेत.

— ठमी