भागिले दोन

प्रिय ठमे,

हल्ली तू फोनवर 'आवाज तुटतोय गं' म्हणून ठेवून देतेस. पत्राचा आवाज तुटत नाही, म्हणून हे एवढं लांबलचक मेलवर लिहितेय. निवांत बसून वाच. मी पाल्हाळ लावणार आहे, आणि मुद्द्यावर यायला मला नेहमीसारखाच उशीर होणार आहे.

आधी खोली सांगते. फोटोत होती तशीच आहे, फक्त फोटो काढणाऱ्याने भिंतीची ओल शिताफीने चुकवली होती. दोन पलंग, मधे खिडकी, एक कपाट. कपाटाचा डावा भाग तुझा. त्यात मी अजून एक रुमालसुद्धा ठेवलेला नाही. निघताना बाबांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, 'अंथरूण पाहून पाय पसर', आणि तू माझ्या ढांगांकडे बघून इतकी हसलीस की बाबांनाही हसू आवरेना. आता माझ्याकडे चक्क दोन अंथरुणं आहेत आणि मी पाय पोटाशी घेऊन झोपते.

कॉलेजच्या जिन्यावर बसून आपण खर्चाचा अंदाज काढला होता, आठवतं? भाडं भागिले दोन. वीज, इंटरनेट, गॅस भागिले दोन. तू तर कांदासुद्धा भागिले दोन केलास. मी विचारलं, आणि भीती वाटली तर? तू म्हणालीस, तीही भागिले दोन, लिहून टाक. माझ्या गणिताचा उजेड तुला ठाऊकच आहे, पण एकटीला न झेपणारं भाडं दोघींना झेपतं एवढं मलाही कळत होतं. म्हणून दोघींच्या नावावर खोली घेतली, अनामत भरली आणि मी पुढे आले. तू मागोमाग येणार होतीस. अजून अर्धा कांदा रोज उरतो आणि दुसऱ्या दिवशी मीच तो खाते.

तुझ्या वाटणीचं भाडं इतके दिवस मीच भरलं. त्याबद्दल एक शब्द बोलू नकोस, मी काही उपकार केले नाहीत. व्हिसावर चालतं तेवढं काम धरलंय. एका बेकरीत ट्रे घासते. शिळा पाव फुकट मिळतो, त्यामुळे जेवणाचा खर्च निम्म्यावर आला. आईला सांगितलंय की इथलं अन्न मला मानवलंय. मी खरं तर तुझ्या अर्ध्या भाड्यातून तुझा पलंग रिकामा ठेवण्याचे पैसे देत होते. का, ते सांगते.

मालक खालच्या मजल्यावर राहतो. तो कधी आवाज चढवत नाही. फक्त हसतो आणि विचारतो, 'मैत्रीण कधी येणार?' खोलीच्या किल्ल्या दोन आहेत. दुसरी तुझी म्हणून त्याच्याकडेच आहे; 'ती आली की तिच्या हातात देईन,' असं म्हणाला होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग त्याच्या बायकोचा भाऊ या शहरात कामाला आला. जिन्यात भेटला की तो बाजूला सरकत नाही, मलाच भिंतीला चिकटून जावं लागतं. एकदा त्याने माझ्या वर्गाची वेळ बरोबर सांगितली. मी त्याला ती कधीच सांगितली नव्हती.

मी घाबरले आणि तुझं सोंग आणलं. माझी रिकामी बॅग तुझ्या पलंगावर ठेवली, मैत्रिणीने सामान पुढे पाठवलंय असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मालक हसत म्हणाला, 'बॅग फार हलकी आहे हो मैत्रिणीची.' म्हणजे मी नसताना त्याने ती उचलून पाहिली होती. तेव्हापासून माझी सगळी जाडजूड पुस्तकं त्या बॅगेत असतात. अभ्यासाला बसताना एक काढते, झाला की परत भरते. हसलीस ना? मीही हसले होते. मग परवा वर्गातून आले तर बॅग खाली जमिनीवर आणि तुझ्या पलंगावरची चादर चुरगळलेली. कोणीतरी तिथे आडवं होऊन गेलं होतं. दाराला आतून कडी नाही, ठमे. आता दाराला टेबल लावते आणि टेबलावर ती बॅग.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. या महिन्यात तुझा अर्धा भाग भरायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. मालक म्हणाला, हरकत नाही, ती येत नसेल तर सोमवारपासून तो पलंग मेहुण्याला देतो, 'घरचाच माणूस आहे.' करारात बसतं म्हणे. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या बाई भल्या आहेत. त्यांनी लेखी तक्रार घेतली आणि वसतिगृहात मला जागाही मिळवून दिली, पण ती एक तारखेपासून. सोमवार त्याच्या आधी येतो. तेवढे दिवस राहायला दुसरीकडे पैसे लागतील, आणि बाबांकडे मागितले तर ते आधी कारण विचारतील आणि मग मला परत बोलावतील.

आता मुद्दा. तू येणार नाहीस हे मला कळलंय. तुझी आई माझ्या आईला बँकेत भेटली होती. कर्ज नाकारलं, तू नोकरीला लागलीस, सगळं समजलं. मला रागही आला आणि रडूही आलं. पण मला 'नाही' म्हणायला तुझी जीभ रेटत नाही, तेही कळतं. मग नको म्हणूस. फक्त खाली मालकाचा नंबर दिलाय, त्यावर आजच्या आज लिही की तिकीट काढलंय, भाडं घेऊन येतेय, माझा पलंग कोणाला देऊ नका. सोबत थोरला भाऊ सोडायला येतोय असंही लिही. तुला भाऊ एकच, तोही धाकटा आणि पालीला घाबरणारा, हे इथे कोणाला माहीत आहे? एक तारखेला मी इथून निघाले की त्याला खुशाल सांग, बेत रद्द झाला. माझ्याशी खरं नंतर कधीही बोल. त्याच्याशी आज खोटं बोल. एवढी एकच भीती भागिले दोन कर.

वाट बघणारी,
तुझीच लंबू