काशाची वाटी आणि अकराची ट्राम

मेलबर्न,
१२ नोव्हेंबर २०२३

सौ. शर्मिलाताई यांस,
स. न. वि. वि.

उद्या सकाळी माझं विमान आणि परवा तुमचं. सहा महिने मी सांभाळलेलं घर तुमच्या हाती येणार आणि आपली गाठ काही पडणार नाही. कादंबरी-चेतनच्या लग्नाला चार वर्षं झाली. त्यानंतर एका गावात राहून आपण भेटलो नाही, तर इथे कशा भेटणार म्हणा. हे पत्र मसाल्याच्या खणात ठेवते आहे. घरच्या ग्रुपवर लिहिलं असतं, पण तिथे लेक-जावई दोघंही वाचतात आणि मग मला समजावत बसतात.

फोडणी देताना खिडकी उघडा आणि मधलं दार लावा, नाहीतर छतावरचं धुराचं यंत्र बोंबलतं. मी पहिल्याच आठवड्यात आमटीपायी शेजारच्या बाईंना अंगणात पळवलं. कचऱ्याचे डबे तीन, झाकणं तीन रंगांची. मंगळवारी संध्याकाळी फाटकाबाहेर ठेवायचे, चुकले तर आठवडाभर घरात. भाजी आपली आपण वजन करायची. कोथिंबीर फुकट मागू नका, हसतात. विमानतळावर खाण्याचं काय काय चालतं ते लिहीत नाही, कारण हे वाचाल तेव्हा तुम्ही तिथून सुटून आलेल्या असाल. माझे हळीव त्यांनी ठेवून घेतले. तुमच्या लाडवांचं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल.

रेवा आता पाच महिन्यांची झाली. दूध, आंघोळ, औषधाचे थेंब यांच्या वेळा फ्रिजवर लावल्या आहेत. बाकी तुम्ही तीस वर्षं नर्स होतात, तेव्हा बाळाबद्दल मी तुम्हाला शिकवणं बरं दिसणार नाही.

तुम्हाला म्हणे व्हिसा वर्षभराचा मिळाला. मला सहाच महिन्यांचा मिळाला होता. कादंबरी म्हणते, ते ज्याच्या त्याच्या अर्जावर असतं. असेल.

लोभ असू द्यावा. नसल्यास निदान पत्रात तरी दाखवावा.

आपली,
नीरजा


मेलबर्न,
८ जानेवारी २०२४

श्रीमती नीरजाताई यांना,
सप्रेम जयभीम.

पत्र धन्याच्या डब्याखाली मिळालं. लाडू सुखरूप आले; विमानात भरायला देतात त्या कार्डावर मी एकूणएक लिहून टाकलं होतं, तिथल्या मुलीनं डबा उघडून वास घेतला आणि जा म्हणाली.

रेवा मात्र पहिले चार दिवस दुपारी झोपेना. ओरडून ओरडून लाल व्हायची. चौथ्या दिवशी कादंबरी सहज बोलून गेली की, आई रोज काशाच्या वाटीनं तिचे तळपाय घासायची, त्याशिवाय तिला झोप येत नाही. मी सगळे खण पालथे घातले. मग कळलं की वाटी तुमच्याबरोबर पुण्याला गेली. नजरचुकीनं गेली असेल. ताई, मी वॉर्डात शंभर पोरं निजवली आहेत, पण त्या चार दिवसांत मला सुनेसमोर फार कमीपणा वाटला.

शेवटी तिला बाबागाडीत घातलं आणि समोरून जाणाऱ्या ट्राममध्ये चढले. हडपसरहून तीस वर्षं बसनं ड्यूटीला गेलेली बाई मी, मला चाकांची कसली भीती! चेतननं कार्ड काढून दिलं होतं, ते चढताना यंत्राला टेकवायचं, की झालं. दुसऱ्या स्टॉपला पोरीनं जांभई दिली आणि पुढे गाढ झोपली. आता रोज अकरा वाजताची ट्राम आमची. चालक हात करतात. सोमवारी वाचनालयात बाळांची गाणी असतात. तिथे एक ग्रीक आजी आहे आणि एक व्हिएतनामी. तिघींना एकमेकींचं काही कळत नाही आणि तास कसा जातो तेही कळत नाही.

तुमच्याबद्दल एक सांगते. कादंबरी तुम्हाला 'ए आई' म्हणते आणि मला 'अहो आई'. पोरगी गुणी आहे, माझं सगळं करते. पण तुमचा फोन आला की ती खुर्चीत पाय वर घेऊन बसते. माझ्यासमोर कधी बसत नाही. मला ते खुपतं.

राग नसावा, आणि असला तर पत्रातूनच यावा.

तुमची,
शर्मिला


नारायण पेठ, पुणे,
१९ ऑगस्ट २०२४

सौ. शर्मिलाताई यांस,
स. न. वि. वि.

उत्तराला सात महिने लागले. रागावले नव्हते, लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि जे होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

ट्राममधले फोटो ग्रुपवर पाहते. बाळाच्या डोक्यावर टोपी नसते. रेवाचा पहिला शब्द 'आजी' आणि तो तुम्हाला उद्देशून, हेही कादंबरीनं मोठ्या आनंदानं कळवलं. अभिनंदन. पहिला शब्द 'आई' असतो असा आमच्याकडे समज होता. काल फोनवर मी तिला हाक मारली, तर तिनं एकदा पाहिलं आणि तुमच्या खांद्यात तोंड खुपसलं. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. सहा महिने जिचे पाय मी मांडीवर घेतले, तिला माझा चेहरा परका वाटतो! शर्मिलाताई, मला तुमचा हेवा वाटतो. तुमच्या त्या कार्डाचा, ग्रीक बाईचा, सगळ्याचाच. मी तिथे फाटकावरच्या टपालपेटीच्या पुढे एकटी कधी गेले नाही. शाळेच्या कचेरीत जन्मभर इंग्रजीत पत्रं लिहिली, पण बोलायची वेळ आली की माझी जीभ उचलत नाही.

वाटी नजरचुकीनंच आली.

आता मुद्द्याचं. तुम्ही परत आलात की मी जाणार, आणि या वेळी कायमची. चेतननं चौकशी केली आहे. माझं वय अडुसष्ट, त्यामुळे मला तिथे जाऊन अर्ज करता येतो आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहता येतं. निकालाला म्हणे पंचवीसेक वर्षं लागतात, तेव्हा त्याची मला घाई नाही. अट एकच, की आईबापांची निदान निम्मी मुलं तिथे हवीत. मला एकच मूल आणि ते तिथेच, म्हणजे मी पास. तुम्हाला तीन, चेतन तिकडे, समाधान आणि दीपाली इकडे. हे मी आनंदानं लिहीत नाही. थोड्या आनंदानं लिहिते आहे, खोटं कशाला बोलू.

आहे तो लोभ वाढवू नका, पण मोडूही नका.

आपली,
नीरजा


हडपसर,
३ नोव्हेंबर २०२४

श्रीमती नीरजाताई यांना,
सप्रेम जयभीम.

मंगळवारी पोचले. घरी आमचे हे साखर वाढवून बसले आहेत, त्यामुळे मला रडायलाही सवड नाही.

तीन लेकरं वाढवली, तिघांना शिकवलं, आणि तेच अर्जात आडवं येईल असं कधी वाटलं नव्हतं. चेतन खराडीची नोकरी सोडून निघाला तेव्हा मीच त्याला जा म्हटलं होतं. आता तो म्हणतो, आई, तू दर दोन वर्षांनी ये. दोन वर्षांत पोर पार बदलून जातं. तुम्हाला तर ते नऊ महिन्यांत कळलं.

जळफळाट होतो माझा, ताई. तुम्ही लग्नाच्या नोंदणीला आलात, सही केलीत आणि जेवणाआधी निघून गेलात. आमच्या हातचं जेवायचं नव्हतं की आणखी काही, मी कधी विचारलं नाही. आणि आता माझ्या मुलाच्या घरात जन्मभर तुमच्या हातचं शिजणार. रोज दुपारी बाराला मी फोनसमोर बसेन, तिकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. तुम्ही रेवाला समोर धरलंत तर मी तिची आजी. नाही धरलंत तर होळीपर्यंत मी तिला कोणीच नाही. हे सगळं आता तुमच्या हातात आहे, म्हणून विनवते.

कामाचं लिहिते. तुमच्या श्यामसुंदररावांच्या मृत्यूचा दाखला आणि कादंबरीचा जन्मदाखला मराठीत असतील, तर दोन्हींची इंग्रजी भाषांतरं इथूनच करून न्या, तिकडे फार लांबण लागते. छातीच्या एक्स-रेचे जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. रेवाला वरणभातावर लिंबू लागतं. दात येताहेत, गाजर चावायला द्या, पण समोर बसून. ट्रामची तिला सवय आहे. जमलं तर न्या.

जाण्याआधी जेवायला या म्हणणार होते. नाही म्हणत.

तुमची,
शर्मिला


मेलबर्न,
१५ डिसेंबर २०२४

सौ. शर्मिलाताई यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या हातच्या जेवणाचं आधी लिहिते. त्या दिवशी मी लेकीवर रुसले होते आणि मनात जातही होती. दोन्ही खरं आहे. यांनी घरी येऊन माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. त्यांना जाऊन चार वर्षं होतील, आणि हे मी आज लिहिते आहे.

आता इथलं. वाटी आणली होती. रेवानं पाय ओढून घेतला. आणि कोपऱ्यावर ट्राम दिसली की दोन्ही हात वर करून 'आजी, आजी' म्हणून ओरडायची. मी म्हणायची, अगं आजी इथे आहे. ती एकदा माझ्याकडे बघायची आणि पुन्हा ट्रामकडे बोट करायची.

मला ते सहन झालं नाही. दहा दिवस मी तिला मागच्या गल्लीनं बागेत नेलं, तिथून ट्राम दिसत नाही. दुपारचा तुमचा फोनही आठवडाभर घेतला नाही. नेट जातं असं मी कादंबरीला सांगितलं. नेट कुठेही गेलं नव्हतं.

परवा गल्लीत लांबून ट्रामची घंटा ऐकू आली. रेवानं मान वळवली, जरा वेळ ऐकलं, आणि हातातलं बिस्कीट खायला लागली. बोट केलं नाही, काही म्हणाली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. अशीच ती मला विसरली होती, आणि तुम्हाला विसरायला मी तिला शिकवत होते.

काल तिला घेऊन स्टॉपवर गेले. तिथे तीन वेगवेगळ्या नंबरांच्या ट्राम येतात. तिन्ही गेल्या, मी चढले नाही. तुम्ही पत्रात लिंबापासून गाजरापर्यंत सगळं लिहिलंत आणि ट्रामचा नंबर तेवढा लिहिला नाहीत. तुम्ही विसरला नाहीत, शर्मिलाताई. मीही वाटी विसरले नव्हते.

चेतनला विचारू शकते, पण मला तो तुमच्याकडून हवा आहे. उद्यापासून बाराला फोन करतेच. फोनवर पोरं ऐकतात, म्हणून नंबर लिहूनच कळवा.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागते.

आपली,
नीरजा


हडपसर,
३० डिसेंबर २०२४

श्रीमती नीरजाताई यांना,
सप्रेम जयभीम.

मुद्दामच लिहिला नव्हता. फोनचे सात दिवस मी मोजले होते. शिव्याही दिल्या, त्या परत घेते.

विमानतळावरून पेठेत जाताना हडपसर वाटेत लागत नाही, ठाऊक आहे मला. तरी कधी आलात तर आधी इथे जेवायचं आणि मग घरी जायचं. वाटी तुमच्याजवळच राहू द्या. आधी बोटांनी घासा, हसली की मग वाटी लावा.

एकोणीस नंबर. मधल्या दारानं चढा, तिथे बाबागाडीला जागा असते. डाव्या खिडकीशी बसा. चौथ्या स्टॉपनंतर तिचे डोळे मिटतात, आणि झोपण्याआधी ती एकदा 'आजी' म्हणते. कुणाला म्हणाली ते बघत बसू नका. ओ द्या.

तुमची,
शर्मिला