लवू घाडीच्या नावावर सात पुस्तकं

मी, सुगंधा गुणाजी घाडी, वय वर्षे छप्पन्न, मूळची मालवणकडची, गेली तीस वर्षं राहणार खोली नंबर ३१, हाउसिंग बोर्डाची इमारत, पंतनगर, घाटकोपर पूर्व, व्यवसाय श्री रवळनाथ वाचनालय चालवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण कायद्याला डोकं पुरतं असं जयंती वकीलबाई म्हणतात. कुणी दडपण आणून हे लिहवून घेतलेलं नाही. उलट माझ्या मुलीने, कुंदाने, पेन लपवून ठेवलं होतं.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. माझ्या बाबतीत ते चालणार नाही. डॉक्टरांनी कुंदाला बाहेर नेऊन सांगितलं की दिवाळी दिसली तर नशीब. तपासणीच्या खोलीचा पडदा पातळ होता, मी ऐकलं. माझा मुलगा लवू मालवाहू जहाजावर खलाशी आहे. तो येत्या गुरुवारी दहा महिन्यांच्या करारावर निघतोय आणि परतणार मेअखेरीस. म्हणजे मी गेल्यावर हा कागद ऐकायला तो इथे नसेल. तेव्हा वकीलबाई तो आज दुपारीच, साक्षीदारांसमोर, मोठ्याने वाचतील. त्यांचं म्हणणं, स्वतः लिहिलेलं वाचून घ्यायची गरज नसते. मला गरज आहे. त्या वेळी लवू आत जेवायला बसलेला असेल. मध्ये फक्त पडदा आहे, आणि आमच्याकडचाही पडदा पातळच आहे.

कलम १. राहती खोली कुंदा आणि लवू या दोघांची, सारखी. लवू जहाजावर असेल तेव्हा त्याची खाट कुणी उचलू नये, तिच्यावर कपड्यांचे ढीग रचू नयेत. कुंदा, हे तुला सांगतेय.

कलम २. माझ्या दोन पाटल्या, नथ, पोस्टातलं पासबुक आणि वाचनालय कुंदाला. बाइंडिंगचा शिकंजा, आरी, सुया आणि खळीचं पातेलंही तिलाच. त्या पातेल्यात कधीही चहा करू नये. ती मानखुर्दहून येऊन-जाऊन वाचनालय चालवीन म्हणते. चालव. दिवाळी अंकांतल्या पाककृती फाडून नेणाऱ्या सभासदांची नावं रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आहेत. त्यांतली एक आज साक्षीदार म्हणून समोर बसली आहे, म्हणून नाव घेत नाही.

कलम ३. माझे दीर दशरथ घाडी यांना मी बीजगणिताची दोन जुनी गाईडं देते. का, ते त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी पुढचं कलम.

कलम ४. यात देण्याघेण्यासारखं काही नाही. वकीलबाईंनी ते दोनदा खोडलं, मी दोनदा परत लिहिलं.

सन १९७५. लवू एस.एस.सी.ला होता. त्याच्याकडे सात पुस्तकं होती, सगळी परग्रहावरची, राक्षसांची, यानांची. खाऊचे पैसे साठवून त्याने ती रद्दीच्या दुकानांतून जमवली होती. सहामाहीत तो गणितात नापास झाला, तेव्हा दशरथभावोजी म्हणाले की या चोपड्यांनी पोरगा फुकट जाणार. आमचे हे, गुणाजी, गिरणीतून थकून यायचे, ते जेवून झोपले. मी बोलले नाही, केलं. लवू जेवत होता, डाव्या हातात पुस्तक, उजवा हात ताटात. मी ते ओढलं. त्यानेही धरून ठेवलं. दोन्ही हातांनी धरलं, पण मी आई, जोर माझा जास्त. सातही पुस्तकं मी त्याच्यासमोर रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. तो एवढंच म्हणाला, "आये, ते अर्धंच झालंय." मी म्हटलं, परीक्षा झाली की बघू.

परीक्षेत तो पहिल्या वर्गात पास झाला. म्हणून मला वाटलं, माझंच बरोबर. पण त्या दिवसापासून आजपर्यंत, बारा वर्षं, त्याने मला आये म्हणून हाक मारलेली नाही. मीठ हवं असलं तर उठून घेतो. हे वारले तेव्हाही खांद्यावर डोकं ठेवून रडला तो कुंदाच्या.

मग मी ती पुस्तकं शोधायला निघाले. वाचनालयाच्या सभासदांची एक सवय असते. पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर बारीक खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी येत नाही. कुणी फुली मारतो, कुणी टिंब देतो. लवू लहानपणी जवळच्या वाचनालयात जायचा, तिथून त्याला ती सवय लागली आणि स्वतःच्या पुस्तकांतही तो ती पाळायचा. पान ३१, आमच्या खोलीचा नंबर, आणि खालच्या कोपऱ्यात पेन न उचलता काढलेला एक बांगडा. शेपटी जरा वाकडी. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत एक रद्दीचं दुकान मी सोडलं नाही. पुस्तक उचलायचं, पान ३१ उघडायचं. लोक मला वेडी म्हणाले. रिकाम्या हाताने परतायला लाज वाटायची म्हणून इतर पुस्तकं आणत गेले, त्यांचं वाचनालय झालं. श्री रवळनाथ वाचनालयाचा इतिहास म्हणतात तो एवढाच आहे.

चार वर्षांत सहा पुस्तकं मिळाली, सहाही लवूच्या खुणेची. मी ती वाचली. आधी रागाने, हा यात काय बघत होता म्हणून. नंतर राग राहिला नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, चुलीपुढे बसून एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात होते आणि भात करपत होता. माझ्या मुलाला जे आवडायचं ते मला त्याच्याइतकंच आवडलं, आणि हे सांगायला घरात तोच एक होता. रोज म्हणायचे, आज देते. तो समोर आला की मी तांदूळ निवडायला बसायचे. पुस्तकं कपाटात राहिली. माझी चूक त्या दिवसाची एक आणि त्यानंतरच्या रोजची एक, अशी मोजावी.

कलम ५. भीमराज हा लवूच्याच जहाजावर असतो आणि या खेपेलाही बरोबर जातोय. गेल्या महिन्यात लवू घरी नसताना तो येऊन मला सांगून गेला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "काकी, तो कठड्यावर बसलेला, दोन्ही पाय बाहेर. मी गळ्यातला टॉवेल धरून मागं ओढला. तर म्हणतो, सहज बघत होतो. मी म्हटलं, यार, घरची माणसं वाट बघतात ना. तर म्हणाला, कोण?"

हे ऐकल्यापासून मला अन्न जात नाही, आणि ते पोटाच्या दुखण्याने नव्हे. कुंदाने समजावलं, जाऊ नको म्हणून. तो म्हणाला, इथे बसून काय करू. कंपनीला कळवीन म्हटलं तर भीमराज म्हणाला, काकी, त्याची वाट लागेल, त्याला परत कुठलंच जहाज घेणार नाही, आणि मग तो जमिनीवर तरी काय करेल ते आपल्याला माहीत नाही. मी गुरुवारी त्याच्या पायाला मिठी मारू शकत नाही. मारली तर तो हळूच पाय सोडवून घेईल आणि जाईल. माझ्याकडे दुसरं काही नाही. सहा पुस्तकं आहेत, ती मी देते.

कलम ६. खालील पुस्तकं लवू गुणाजी घाडी, सभासद क्रमांक १, यांनी प्रवासात वाचावीत. ती भीमराजच्या पेटीत राहतील. त्याने एकेक काढून द्यावं, सगळी एकदम देऊ नयेत.

बंदर सुटल्यावर पहिले आठ दिवस "पाचव्या चंद्राचा टपालवाला" वाचावं. प्रकरणं चार-चार पानांची आहेत, पोट ढवळत असलं तरी जमतं. त्या चंद्रावर एक दिवस चाळीस वर्षांचा असतो, त्यामुळे संध्याकाळच्या टपालातली पत्रं नातवंडांनाच पोचतात. तरी तो टपालवाला एकही पत्र टाकून देत नाही. मला तो फार आवडतो.

गणपतीत सगळे घरची आठवण काढतील तेव्हा "तीन डोक्यांच्या राक्षसाचा न्हावी". हे मोठ्याने वाचून दाखवावं, एकट्याने हसण्याचं पुस्तक नाही हे. मधल्या डोक्याची दाढी चालू असताना बाकीची दोन भांडतात, तिथे मी चुलीसमोर इतकी हसले की शेजारची चंपा काय झालं म्हणून धावत आली.

"मिठाच्या डोंगराखालची राणी" कुठल्याही बंदरात, माल उतरेपर्यंत. अगदीच परीकथा आहे, पण राणीचा स्वभाव माझ्यावर गेला आहे. बघ पटतं का.

अठरा-वीस दिवस जमीन दिसत नाही त्या पट्ट्यात "उलट्या घड्याळांचं गाव" घ्यावं, कारण ते सगळ्यांत जाडं आहे. मधली तीस पानं यंत्राबद्दल आहेत. मला कळली नाहीत, तुला कळतील. त्या गावात माणसं लहान-लहान होत जातात आणि एक म्हातारी शेवटी आपल्या मुलाच्या मांडीवर बसून त्याची माफी मागते. त्याला ती भाषाच येत नसते. ते पान माझ्याने एकदाच वाचवलं.

"काचेच्या बेटावरचा दिवा" एकट्याने वाचू नये, भीमराज खोलीत असताना वाचावं. फार सुंदर लिहिलंय, पण शेवटी कुणी उरत नाही. हे पुस्तक पेटीतून काढावं की नाही यावर मी चार दिवस घालवले. तुझ्या खुणेतला बांगडा याच पुस्तकात सगळ्यांत नीट काढलेला आहे, म्हणून ठेवलं.

आणि डेकवर पहारा असेल, कठडा जवळ असेल, तेव्हा "वजन हरवलेला माणूस" खिशात ठेवावं. छोटंसं आहे, खिशात मावतं. त्या माणसाचं वजन एका सकाळी नाहीसं होतं आणि तो वर जायला लागतो. त्याच्या घरची बाई शिकलेली नसते, तिला शास्त्र माहीत नसतं. ती आपलं लुगडं सोडून त्याच्या कमरेला बांधते, दुसरं टोक खिडकीच्या गजाला, आणि भाकऱ्या करायला बसते. लवू, त्या बाईला जेवढं कळत होतं तेवढंच मलाही कळतं. मी हात जोडते. गज धर, भीमराजचा हात धर, हे पुस्तक धर, पण काहीतरी धरून राहा.

ही सहा पुस्तकं मी लवूला दिलेली नाहीत. हे नीट ऐक. मृत्युपत्रात लिहिलेलं म्हणून ती तुझ्या मालकीची होत नाहीत. ती वाचनालयाची आहेत आणि सभासदाला प्रवासासाठी दिली आहेत. परत करण्याची मुदत ३१ मे १९८८. उशीर झाला तर दंड नाही, पण टपालाने, दुसऱ्याच्या हाती किंवा भीमराजच्या पेटीतून आलेली पुस्तकं कुंदाने जमा करून घेऊ नयेत. सभासदाने स्वतः आणून द्यावीत.

कलम ७. सातवं पुस्तक, "सूर्यामागचं बंदर".

हे मला मिळालं नव्हतं. विक्रोळीच्या एका दुकानात दोनदा हाती आलं, पण दोन्ही वेळा पान ३१ कोरं, म्हणून मी ठेवून दिलं. तिसऱ्यांदा दुकानदाराने इतर गठ्ठ्याबरोबर गळ्यात मारलं. आठ वर्षं ते वाचनालयात फिरलं. आमचे एक सभासद मधुकरराव तक्रारही करायचे की आत पिवळा डाग आहे, वाचनालयाने स्वच्छता पाळावी. मी तो डाग कधी उघडून बघितला नाही. गेल्या महिन्यात भीमराज बोलता बोलता म्हणाला, लवू जहाजावरसुद्धा पुस्तक पुरं झाल्याशिवाय खूण करत नाही. तो गेल्यावर मी उठले आणि फळीवरून ते काढलं. पान १०४ वर हळदीचा अंगठा आहे, उजव्या हाताचा, ओढल्यामुळे जरा फरफटलेला.

अर्धंच झालं होतं, म्हणून खूण नव्हती. खूण असती तर ते अर्धं राहिलंच नसतं. बारा वर्षं मी मुलाचं पुस्तक शोधत होते आणि ते माझ्याच घरात, हाताच्या अंतरावर होतं. मुलगाही तसाच होता.

हे पुस्तक जहाजावर जाणार नाही. ते माझ्या कपाटात, खालच्या खणात, लवूच्या नावाची चिठ्ठी लावून राखून ठेवलं आहे. मी ते शेवटपर्यंत वाचलंय. शेवट सांगणार नाही. कुंदाने सांगू नये आणि दुसऱ्या कुणालाही ते देऊ नये. पान १०४ पासून पुढचं लवूने याच खोलीत, याच जागी, जेवताना वाचावं. हात हळदीचा असला तरी चालेल. कुणी ओढून घेणार नाही. आणि संपलं की पान ३१ वर खूण करावी.

तुझी वाट बघणारं कोण, असं तू विचारलंस. मी बघते. मेअखेरीस मी नसेन, तेव्हा कुंदा बघेल, आणि ते अर्धं पुस्तक बघेल. मला याहून मोठं काही लिहिता येत नाही.

या कागदाची अंमलबजावणी जयंती वकीलबाईंनी करावी. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि यानंतर करायला मला वेळ नाही.

वाचून दाखवलं, ऐकलं, आणि खाली माझी सही केली.

सुगंधा गुणाजी घाडी

तिने आमच्यासमोर व आम्ही तिच्यासमोर सही केली. साक्षीदार:
१. चंपा भिकाजी राऊळ, खोली नंबर ३२ (पाककृती परत आणून देईन.)
२. मधुकर विष्णू तळवलकर, सभासद क्रमांक ४४

स्थळ: पंतनगर, घाटकोपर पूर्व. रविवार, दिनांक १९ जुलै १९८७, दुपार.

पुस्तकं घेणाऱ्या सभासदाची सही व शेरा:

सहा मिळाली. सातवं कुणाला देऊ नको, आये.
लवू