सहाची हाक

ब्रिस्बेन, ४ मार्च २०२३

ती. बाबांस,
लोसालिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ यापलीकडे बोलत नाही, म्हणून पत्र. टपालात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला तेच गोड लागणार!

गंमत सांगते. पंधरा वर्षं प्रोग्रॅम लिहून झाल्यावर कंपनीने मला पुन्हा शाळेत घातलंय. दहा आठवड्यांचा वर्ग. सगळे नोकरी करणारेच, पण मला ‘आजी’ म्हणतात मेले. मार्गोबाई रोज तासभर लिहून घेतात आणि मग सगळं पुसायला लावतात. पुन्हा लिहा, हात मोकळा होतो, म्हणतात. पहिल्या दिवशी मला रडूच आलं.

या आठवड्याचा गृहपाठ होता, आपला सर्वांत जुना प्रोग्रॅम काढायचा आणि कुणी वापरत नाही ते उडवायचं. माझा सर्वांत जुना म्हणजे आपल्या घरच्या टॅबवरचा, रोज सहाला माझ्या आवाजात आईला गोळीची आठवण करणारा. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी तो चालूच! इथे बसूनच काढून टाकला. बाईंनी वर्गापुढे शाबासकी दिली. तुमचीही कटकट गेली.

इथला दालो, म्हणजे आपला अळूचा कंद, बघून तुम्ही हसाल. आपल्या बेटाची, लेवुकाची फार आठवण येते. माया असू द्या.
तुमची,
लोसा

लेवुका, १९ मार्च २०२३

चि. लोसालिनीस अनेक आशीर्वाद.

तुझी शाबासकी ऐकून तुझी आई वासिती गावभर सांगत फिरली असती. मी आपलं चर्चच्या पाळकांना तेवढं सांगितलं.

टॅब बिघडला समजून मी तो शेजारच्या अपेनिसाकडे नेला होता. त्याने दोनदा उघडला आणि म्हणाला, काका, याला काही झालेलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा उलगडा झाला.

रागावू नकोस, पोरी. रोज सहाला तू विचारायचीस, ‘आई, गोळी घेतलीस का?’ मी रात्रीच्या जेवणाचा कसावा-कंद सोलता सोलता म्हणायचो, ‘घेतली गं. तू जेवलीस का?’ वेडेपणा आहे, कळतं मला. पण या घरात दुसरं कुणी काही विचारत नाही. आता सहा वाजतात आणि मी सुरी हातात धरून उगीच थांबतो. तुझी फार आठवण येते.

तू काढलंस ते योग्यच असेल. अभ्यास नीट कर. कधीमधी दोन ओळी लिहीत जा.
तुझा बाबा,
कालिओपाते

ब्रिस्बेन, ३ एप्रिल २०२३

ती. बाबांस,
सा. न.

काढण्याआधी विचारा, ते कोण वापरतंय, हे बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. मी वहीत उतरवून घेतलं, आणि तुम्हाला विचारलंच नाही. आज वर्गात तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि शाबासकी परत केली.

आमच्या कामात काढलेलंही जुन्या नोंदीत राहतं. दोन मिनिटांत हाक परत बसवली. हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही तिला कितीदा तरी उत्तर दिलं असेल. दोन वर्षं तुम्ही रोज विचारत होता, मी जेवले का, आणि इथे मला ऐकूही येत नव्हतं. फार वाईट वाटलं, बाबा.

शनिवारी, २२ तारखेला, बोटीने येतेय. शेवटचा आठवडा बुडाला तर बुडाला. त्या दिवशी सहाला टॅब बोलेल, त्याला उत्तर देऊ नका. मला विचारा.

जेवलेली नसेन. कसावा थोडा जास्त सोला.
तुमची,
लोसा