मावशीचे अकरा उपवास

आई,

आज तुझ्या धाकट्या बहिणीने दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. आज एकादशी आहे. पुरणपोळी शुक्रवारीच हवी असं तिने गेल्या खेपेला बजावलं होतं, तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, मावशी, शुक्रवारी एकादशी येते. तर म्हणाली, "येऊ दे. माझे या वर्षाचे उपवास करून झालेत. आगाऊ." दुसरी पोळी संपल्यावर तिने ताटली माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "तूप जरा हात सैल सोडून घालत जा गं. तुझ्या आईचा हातही असाच होता, आवळलेला." मला इतकं हसू आलं की शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. तुझ्या हाताला नावं ठेवण्याइतकी ताकद तिच्यात परत आली आहे, ही बातमी तुला कळवावी म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. पण ज्या गोष्टीने तिला वाचवलं ती तू दिलेली होती.

दर वर्षी दवाखान्यातून तू एक कॅलेंडर आणायचीस. औषधांच्या कंपन्या ती वॉर्डात वाटायच्या आणि उरलेलं एखादं नर्सबाई तुम्हा आयांना द्यायच्या. तुला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते न चुकता खिळ्यावर लावलं जायचं आणि रोज दिवेलागणीला तू विचारायचीस, "उद्या काय आहे?" घर सांभाळायला म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली होती. मी स्टुलावर चढून सांगायचे, उद्या षष्ठी, उद्या प्रदोष, परवा संकष्टी. पानांच्या मागे काय काय छापलेलं असायचं, लोणच्याचं प्रमाण, भाजल्यावर काय लावावं, एखादी छोटी गोष्ट. महिना संपल्याशिवाय पान फाडायचं नाही हा तुझा नियम, म्हणून मी आख्खं कॅलेंडर उलटं करून जमिनीवर पालथी पडून वाचायचे. माझी शाळा ती. पुढे लग्न झाल्यावर ह्यांनी मला वाचनालयात नाव घालून दिलं आणि मी जाडजूड पुस्तकं वाचायला लागले, पण सुरुवात खिळ्यावरच्या बारा पानांवर झाली.

आणखी एक दिवस सांगते. मी दहा वर्षांची आहे. तुझा डबा घेऊन वॉर्डात आले आहे. दारापासच्या खाटेवर एक म्हातारी आहे, तिला मी मोठ्या माणसासारखं विचारते, "आजी, जेवलात का?" ती मान हलवते, हो. मी तुला येऊन सांगते, त्या आजी जेवल्या. तू हातातली बादली खाली ठेवतेस आणि माझं मनगट धरून मला परत त्या खाटेपाशी नेतेस. तिच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडतेस. ती कातडी तशीच उभी राहते, खाली बसतच नाही. "बघितलंस? याला जेवणं म्हणतात? आजारी माणसाला विचारायचं नसतं, बघायचं असतं. ते लाजेनं हो म्हणतात." मग तू तुझ्याच डब्यातला भात कालवून तिला भरवतेस आणि मी दाराशी रडत उभी राहते. तेव्हा वाटलं होतं, चार लोकांत माझा अपमान केलास.

मावशी दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं ते गेलंच. तिचा मुलगा बंगळूरला असतो. मी पुण्यात, धायरीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझे गुडघे तुला माहीत नाहीत पण तुझ्यासारखेच झाले आहेत. मुलाने फोनवरूनच हडपसरच्या पुढे मांजरी गावातलं एक शुश्रूषा केंद्र शोधलं. जागा स्वच्छ होती, खिडकीतून ऊस दिसायचा. भरती करताना फॉर्म मी भरला. त्यात एक रकाना होता, उपवास वगैरे असल्यास. मी छान अक्षरात लिहिलं, एकादशी आणि संकष्टी. वाटलं, तुझ्या बहिणीचा नेम मोडायला नको.

भेटायची वेळ चार ते पाच. धायरीहून स्वारगेट, तिथून हडपसर, पुढे मांजरीची बस, अशी मी आठवड्यातून दोनदा जायचे. गेल्यावर टेबलावरची वही बघायचे. प्रत्येक खाटेपुढे जेवण घेतले, पाणी दिले, कूस बदलली, सगळं लिहिलेलं. कधी मावशीच्या नावापुढे 'उपवास' असायचं. आई, ते वाचून मला बरं वाटायचं. एकदा तर मी तिथला कारभार बघणाऱ्या मॅडमना नारळाच्या वड्या नेऊन दिल्या, म्हटलं, तुम्ही तिचा नेम पाळता, आजकाल कोण एवढं बघतं! त्यांनी वड्या घेतल्या. मावशी मला म्हणायची, "भूक लागते गं." मी म्हणायचे, "अगं, आज तुझा उपवास आहे ना? वहीत लिहिलंय." ती खिडकीतल्या उसाकडे तोंड फिरवायची. तिचं विसरणं वाढलंय असं मला वाटायचं. तिचा उजवा हात थरथरतो, तिला भरवावं लागतं, आणि भरवताना मी तिथे कधीच नव्हते.

एका मंगळवारी मी तिचा हात हातात घेऊन बसले होते. मनगटातली पाटली कोपरापर्यंत सरकली. माझ्या बोटांनी आपोआप तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती उभीच राहिली. मला तुझ्या वॉर्डाचा वास आला, फिनेलचा. मी उठले, वही उघडली आणि सरलेल्या महिन्यातले मावशीचे सगळे उपवास पिशवीतल्या पावतीच्या मागे उतरवून घेतले. अकरा निघाले.

हे गेल्यापासून मी तिथी बघायचं सोडलं होतं. कुणासाठी बघायची? वाणी दर वर्षी कॅलेंडर देतो, मी ते गुंडाळलेलंच कपाटामागे टाकते. त्या संध्याकाळी ते ओढून काढलं, जमिनीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, ह्यांचा चष्मा लावला आणि एकेक दिवस ताडून पाहिला. महिन्यात एकादशी दोन, संकष्टी एक. तीन झाले. उरलेले आठ कशाचे? द्वितीया, सप्तमी, एक पौर्णिमा, एक साधा बुधवार. मग तिच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, जास्त ताणू नकोस. ते तिला काढून टाकतील. मग कुठे ठेवायची?" भीती मलाही तीच होती, खोटं कशाला सांगू? माझे तीन जिने माझ्या डोळ्यांपुढे होते. पण तोंडातून गेलं, "काढू दे. खुर्चीत बसवून वर नेईन. उपाशी नाही ठेवणार."

दुसऱ्या दिवशी मी चारला नाही, बाराला गेले. वॉचमन म्हणाला, "आजी, भेटायची वेळ चार ते पाच." मी म्हटलं, "मी भेटायला आलेच नाही. वाढायला आलेय." आणि आत गेले. पंधरा खाटा आणि एकच बाई, साधारण पंचेचाळिशीची, ढकलगाडीवर ताटं घेऊन घामाघूम झालेली. तू असतीस तर आधी तिला विचारलं असतंस, तुझ्या अंगावर पेशंट किती? म्हणून मीही तेच विचारलं. "पंधरा हायेत ताई. सहा जणींना भरवावं लागतंय. एकीला अर्धा तास. मी एकटी हाय, तुमीच सांगा." मी विचारलं, "मग ज्या राहतात त्यांचं काय?" तिने ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. "मॅडम म्हनल्या, वहीत जागा मोकळी नको. उपवास लिव्हायचं."

मॅडम बाहेर आल्या. "काकू, आत्ता आपल्याला इथे थांबता येणार नाही." मी वही टेबलावर उघडली, शेजारी कॅलेंडर पसरलं. त्या म्हणाल्या, "अहो, पेशंटच नको म्हणतात. आणि उपवासाचं फॉर्मवर आपणच लिहिलंय."

"लिहिलंय ना. एकादशी आणि संकष्टी. आता हा बुधवार, द्वितीया. द्वितीयेला कोणत्या देवाचा उपवास असतो, तेवढं सांगा. मला माहीत नसेल, मी चौथी शिकलेली आहे."

"एखाद्या वेळी चूक होते, काकू."

"आठ वेळा होते?"

त्या वही मिटायला लागल्या तेव्हा माझं लक्ष पलीकडच्या पानावर गेलं. खाट नंबर सात. तिच्यापुढेही, उपवास, एकादशी. सात नंबरच्या बाई कॅम्पातल्या, आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, गळ्यात क्रूस, उशाशी बायबल. मी मोठ्याने वाचलं. "मॅडम, यांनाही एकादशी?" मॅडम काही बोलायच्या आत खाटेवरून आवाज आला, स्वच्छ, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. "मला कोणी विचारलं नाही हो. विचारलं असतं तर निदान साबुदाण्याची खिचडी तरी मागितली असती."

आई, आख्खा वॉर्ड हसला. दात नसलेल्या तोंडांनी, कण्हत, खोकत, पण हसला. मावशी तर टाळ्या वाजवायला लागली, थरथरत्या हाताने. ज्या बायका लाजेनं हो म्हणत होत्या त्या एकेक बोलायला लागल्या. मला रात्री दिलं नाही. मला पाणीच कमी देतात, सारखे कपडे बदलावे लागतात म्हणून. मी सगळं लिहून घेतलं. तक्रारीचा अर्ज मी आदल्या दिवशीच तयार केला होता, तीन प्रती. खाली ही नवी माहिती जोडली आणि म्हटलं, पोच द्या. मॅडम म्हणाल्या, मालक डॉक्टर संध्याकाळी येतात, आणि आमच्याकडे शिक्का नसतो. मी म्हटलं, "सही चालेल. मी बसते." आधी मावशीला भरवलं, मग सात नंबरच्या बाईंना, मग पिशवीतून वाचनालयाचं पुस्तक काढलं आणि टेबलासमोर बसून साठ पानं वाचली. दोनदा मला उठायला सांगितलं. दोनदा मी पान उलटलं.

डॉक्टर आले, अर्ज उभ्याने वाचायला लागले आणि दुसऱ्या पानावर खाली बसले. मावशीचं वजन करायला लावलं. भरती होतानाच्या वजनापेक्षा सात किलो कमी. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपली काय अपेक्षा आहे?" मी म्हटलं, जेवणाच्या वेळी दार उघडं हवं, ज्याला यायचं तो येईल. भरवायला आणखी एक बाई हवी. वही खाटेच्या पायाशी टांगलेली हवी, टेबलात नको. उपवास पेशंटने स्वतः सांगितला तरच. आणि या आयाबाईंना काढायचं नाही, दोष त्यांचा नाही. त्यांनी ते सगळं अर्जाखाली लिहून सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. मी वाचून घेतलं आणि मगच उठले. महिन्याभरात दुसरी बाई आली. मॅडम आता तिथे नाहीत. दुपारी बारा वाजता हल्ली तिथे कुणाची ना कुणाची सून, मुलगा, शेजारीण येऊन बसलेली असते, आणि माझी बस चुकली तर मावशीचं ताट कोणीतरी हातात घेतलेलं असतं.

मावशीला मी घरी न्यायला तयार होते. वर कसं चढवायचं तेही खालच्या मजल्यावरच्या मंडळींशी ठरवलं होतं. तीच नको म्हणाली. "मी गेले तर सात नंबरला पुरणपोळी कोण देणार?" वजन बरंचसं भरून आलं आहे. पाटली मनगटात घट्ट बसली आहे. आज मी तिची कातडी चिमटीत धरून सोडली तशी लगेच खाली बसली, आणि तिने माझ्या हातावर चापट मारली. "किती चिमटे काढशील?"

स्वयंपाकघरात आता कॅलेंडर लावलं आहे. खिळा ह्यांनीच कधी तरी ठोकलेला, इतकी वर्षं रिकामा होता. रोज दिवेलागणीला उद्याची तिथी वाचते, मोठ्याने. ऐकायला कोणी नसतं, तरी वाचते.

एक गोष्ट राहिली. तुझ्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या पोटात काही राहत नव्हतं, आणि एका सकाळी तू बऱ्यापैकी शुद्धीत होतीस. मी मऊ वरणभात केला होता. तू विचारलंस, "आज काय आहे?" मी खिळ्यावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हटलं, दशमी. तू चार घास खाल्लेस. म्हणालीस, मीठ कमी आहे. दुसऱ्या दिवशी तुला काही विचारायची शुद्ध राहिली नाही. आई, मी दशमी म्हटलं त्या दिवशी एकादशी होती. जन्मभर एकदाही न मोडलेली तुझी एकादशी मी मोडली, तुला वाचता येत नव्हतं म्हणून मोडता आली.

हे पत्र घडी घालून कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवते. तू असतीस तरी ते तुला मीच वाचून दाखवलं असतं, आणि वाचताना एवढंच गाळलं असतं.