आईच्या गुडघ्यांची पुडी

वैद्यबुवा,

आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही काय नाही केलं! होमिओपॅथीच्या गोड गोळ्या झाल्या, सुया टोचून झाल्या, निसर्गोपचाराच्या मातीच्या पट्ट्याही झाल्या. तुमच्या जडीबुटीच्या पुडीने मात्र ती आठवड्यातच जिना चढायला लागली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढे तिचा चेहरा सुजून गोल झाला, तेव्हा मी एक पुडी तपासून घेतली. त्यात स्टेरॉइड निघालं.

हे सांगितलं, तर आई माझ्यावरच उखडली. "हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मान तरी वर केली का? यांनी गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, 'ताई, झोप लागते का?' घरात तरी कुणी विचारलं होतं?"

दुसऱ्याच दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

ते औषध एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून डॉक्टर आता बेताबेताने कमी करताहेत. आई रोज म्हणते, "अगं, त्यांना कळव तरी. वाट बघत असतील." तिच्या समाधानासाठी तिच्यासमोर बसून हे लिहिते आहे, पण टपालात टाकणार नाही. तक्रार कालच दिली आहे. अधिकारी येतील तेव्हा तुम्ही बेसावध असलेले बरे.

तुमच्या पेशंटची लेक